परक्या गावातला रविवार

परदेशी शिकायला गेलेल्या पोरांची कहाणी आपल्याला दोनच टोकांनी कळते. एक विमानतळावरचा फोटो आणि एक पदवीदानाचा. मधल्या काळाबद्दल घरच्यांच्या कानावर येतं ते 'बरं चाललंय' एवढंच. या मधल्या काळातही सोमवार ते शुक्रवारची फारशी काळजी नसते. तास असतात, प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असतं. खरी परीक्षा रविवारची. वसतिगृह ओस पडतं, बोलायला माणूस नसतो, आणि अशा वेळी कुणीतरी भला गृहस्थ म्हणतो, "चल आमच्याबरोबर चर्चला, जेवूनच जा." त्याला काय उत्तर द्यायचं, त्याच्या पानावर काय खायचं, त्याच्या प्रार्थनेत किती सामील व्हायचं, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते किस्से पत्रांमध्ये असतात.

आमच्या यवतमाळला हा विषय नवा नाही. फक्त तो आमच्याकडे उलट्या बाजूनं आला. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं यवतमाळ हेच दूरदूरच्या विद्यार्थ्यांचं परकं गाव होतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं महाविद्यालय, तेव्हा इथं होतं. पुढे ते पुण्याला बिबवेवाडीत गेलं आणि आजही तिथंच आहे. त्याची मुळं अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशननं यवतमाळात चालवलेल्या मराठी बायबल शाळेत होती. या मिशनचं नाव जिल्ह्यात उमरीच्या दवाखान्यामुळे अनेकांना ठाऊक आहे. सेमिनरीत न्यूझीलंडचे ब्रूस निकोल्स शिकवत होते. केरळचे डॉ. सफीर अथ्याल तिचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. आणि विद्यार्थी यायचे ते केरळातून, आंध्रातून, थेट ईशान्येच्या डोंगरांतून.

सेमिनरी सुरू झाली तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर होती. नागालँड नावाचं राज्य जन्मायला अजून दहा वर्षं होती. मिझोरम तर आसामचा लुशाई हिल्स नावाचा जिल्हा होता. तिथला पोरगा कित्येक गाड्या बदलून मुंबई-नागपूर मार्गावर धामणगावला उतरायचा आणि तिथून मोटारीनं यवतमाळ गाठायचा. नाहीतर मूर्तिजापूरहून शकुंतला होतीच. अरुंद रुळांवरची ती गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची. आजूबाजूला पऱ्हाटीची काळी रानं, गावात जिनिंग-प्रेसिंग आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात. थंड डोंगरातल्या पोरासाठी यवतमाळ हा परदेशच.

धर्म मात्र तोच, असं वरवर वाटतं. पण रविवारी मराठी मंडळीत जाऊन बसलं की कळायचं, तोही तसा तोच नाही. मिझो मुलाच्या गावात सगळं गावच चर्चमध्ये असायचं. इथं ख्रिस्ती वस्ती मूठभर. मराठी मंडळीच्या हाती 'उपासना संगीत', त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं. ती गायची अभंगाच्या अंगानं, पेटी-तबल्यावर. चार आवाजांत पाश्चात्त्य स्वरमेळ गाणाऱ्या डोंगरी मुलानं तिथं नुसतं ऐकत बसायचं. देव ओळखीचा असूनही उपासना परकी वाटू शकते, ही गोष्ट यवतमाळच्या त्या बाकांवर कितीतरी मुलांना उमगली असेल. मला या विषयाचा लळा लागला तो याच विचारानं. कारण हीच गोष्ट सत्तर वर्षं आधी एका मराठी बाईला इंग्लंडात उमगली होती, आणि तिनं ती लिहून ठेवली होती.

पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या १८८३ च्या एप्रिलात. वय पंचवीस, वैधव्य नुकतंच आलेलं, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाचा खर्च कुणा संस्थानिकानं दिला नव्हता. 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून तो उभा राहिला. जायचं होतं डॉक्टर व्हायला. उतरायचं ठिकाण वाँटेज. तिथं सेंट मेरी संघाच्या जोगिणींचा मठ होता आणि त्यांची शाखा पुण्यात पंचहौदाला होती, म्हणून ओळख. ठरलं ते असं की हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहण्या-जेवणाची सोय व्हायची. आपण कुणाचं फुकट खात नाही, हा हिशेब त्यांनी पहिल्या दिवसापासून मांडून ठेवला होता. पुढच्या सगळ्या भांडणांत तोच त्यांच्या कामी आला.

पण भांडणांच्या आधी एक भयंकर प्रसंग आहे आणि तो वगळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण गेली होती. मठात राहायला लागल्यावर तिच्या मनानं घेतलं की आपल्याला इथं बळजबरीनं बाटवणार. ती भीती इतकी वाढली की एका रात्री तिनं रमाबाईंचाच जीव घेण्याचा प्रयत्न केला आणि नंतर स्वतःचं आयुष्य संपवलं. रमाबाई काही दिवस ऑक्सफर्डला मॅक्सम्युल्लर यांच्या घरी राहिल्या, तेव्हाची हकीकत त्या पंडितानं आपल्या आठवणींत दिली आहे. धक्का इतका होता की त्यांना एकटीनं झोपवत नसे. रोज रात्री त्यांच्या खोलीत एका मोलकरणीला झोपवावं लागे. संस्कृतावर जग जिंकलेली ही बाई परमुलखात रात्री दिवा मालवायला घाबरत होती. परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या मनाच्या आजारांबद्दल आज आपण बोलू लागलो आहोत. आनंदीबाई भगत यांचं नाव त्या बोलण्यात यायला हवं.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजच्या चर्चमध्ये रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात काहूर उठलं. 'गेली ती गेलीच' असं मानून इथल्या पत्रकर्त्यांनी हात धुतले. आपल्याकडे गोष्ट तिथं संपते. मला वाटतं, खरी गोष्ट तिथं सुरू होते.

रमाबाईंची जबाबदारी होती सिस्टर जेराल्डीन यांच्यावर. या सिस्टर पुण्यात राहून आलेल्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणून हाक मारतात. हाक प्रेमाची आहे आणि तिच्यामागचं प्रेमही खरं आहे. पण आजीबाईंच्या घरात आजीबाईंचेच नियम चालायचे. रमाबाई मांस खात नाहीत हे एक वेळ चाललं. त्या अंडं घातलेलं पुडिंगही बाजूला सारतात, तेव्हा कुरबूर सुरू झाली. ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा अभिमान सुटत नाही, हा त्याचा अर्थ लावला गेला. रमाबाईंचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्याचा मथितार्थ असा की तुम्ही ज्याला जातीचे ग्रह म्हणता त्यांतून मी पूर्ण मोकळी नाही, हे कबूल. पण एखाद्या इंग्रज बाईला हिंदू घरात राहावं लागलं असतं तर तिनं तरी आपल्या ताटाच्या सवयी सोडल्या असत्या का? आणि माझा गर्व शोधायचाच तर माझ्या पुडिंगात, दुधा-लोण्यात, बुटा-मोज्यांत, मी शेगडीत जाळते त्या कोळशातही शोधा. शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरा किस्सा क्रुसाचा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असावीत, असं मठाच्या रिवाजानं ठरत होतं. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का? मला ती भाषा येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही. आमच्या ब्राह्मणांना संस्कृताबद्दल वाटतं तसंच काही तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं का, की देवाला तीच एक भाषा कळते? अक्षरं घालायचीच तर संस्कृत घाला. ज्या बाईनं संस्कृताची मक्तेदारी स्वतः मोडून काढली होती, तिला दुसऱ्या मक्तेदारीचा वास लांबूनच आला.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डॉक्टर होण्याचा बेत कानांमुळे बारगळला होता. ऐकू कमी येऊ लागलं होतं. परक्या भाषेत, परक्या उच्चारांत, अधू कानांनी प्रवचनं ऐकणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. तिथं त्या संस्कृत शिकवत आणि गणित, विज्ञान, इंग्रजी वाङ्मय शिकत. प्राचार्या डोरोथिया बील यांना ही विद्यार्थिनी बरोबर कळली होती. शंका आली की बीलबाई दटावत नसत, लांब पत्र लिहून उत्तर देत. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता, चमत्कारांविषयी प्रश्न होते, आणि एकाच ख्रिस्ताचे एवढे पंथ कसे, हा तर रोकडाच सवाल होता. वाँटेजला या शंका उद्धटपणाच्या वाटत. चेल्टनहॅमला त्या अभ्यासाच्या वाटत. त्याच देशात, त्याच चर्चच्या छायेत दोन बायका एका विद्यार्थिनीकडे किती वेगळ्या नजरेनं पाहू शकतात!

मग आला शिकवण्याचा वाद. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार बीलबाईंनी मांडला. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परतल्यावर तिची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाई चकितच झाल्या. माझ्या आईनं तरुणांना शिकवलं, मी शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानं कधी ना म्हटलं नाही; आणि इथं विलायतेत मला अडवतात? अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला होता. त्यांची मुलगी इंग्रज बिशपांना वडिलांचा दाखला देते, हा प्रसंग मला त्यांच्या सगळ्या व्याख्यानांहून मोठा वाटतो.

१८८५ च्या मे महिन्यात त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेलं पत्र म्हणजे या सगळ्याचा कळस. हिंदुस्थानातल्या भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे. आता पाद्री सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून घेऊन दुसरं तसलंच जोखड चढवायची माझी तयारी नाही, असं त्यांनी साफ कळवलं. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, तिनं मी ठरवीन. मनोरमेच्या शिकवणीवरूनही हेच. जे मला स्वतःला पटलेलं नाही ते लेकराच्या तोंडी घालू नका, असं त्यांनी बजावलं. लेकरू मठात राहत होतं, त्याचा खर्च मठ करत होता, आणि तरी हे लिहायची छाती होती.

यावरून कुणी म्हणेल, चर्चकडून त्यांना जाचच झाला. तसं म्हणणं खोटं ठरेल. याच सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅममधलं केंद्र दाखवलं. समाजानं 'पतित' ठरवून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळायचा, काम मिळायचं, मान मिळायचा. आपल्या धर्मशास्त्रात अशा बाईला परतीची वाटच नाही, आणि इथं बायका तिची सेवा करतात, हे पाहून त्या हलल्या. आपल्या आत्मकथनात त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलं आहे. पुढचं शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन यांचं बी फुलहॅममध्ये पडलं. पुडिंगावरून भांडणाऱ्या आणि फुलहॅम दाखवणाऱ्या सिस्टर एकाच मठाच्या होत्या.

सिस्टर जेराल्डीन यांच्याबद्दल मला आदर आहे तो आणखी एका कारणानं. ही सगळी पत्रं, त्यांना स्वतःला टोचणारी, त्यांच्यावर ठपका ठेवणारी, त्यांनीच जपली आणि एकत्र केली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी ती संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केली. पुस्तक इंग्रजीत आहे, पण छापलं आपल्या सरकारनं.

त्याच काळात समुद्रापलीकडे दुसरी मराठी मुलगी दुसऱ्या तऱ्हेनं हाच रविवार काढत होती. आनंदीबाई जोशी. अमेरिकेला जाण्यासाठी मदत मागणारं गोपाळराव जोश्यांचं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं. सोबत संपादकांचा सल्ला होता, आधी ख्रिस्ती व्हा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी धर्माची अट न घालता पत्र पाठवलं. पुढे त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. निघण्यापूर्वी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालातल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं होतं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परतेन. सतरा वर्षांच्या मुलीनं हे सांगितलं आणि ख्रिस्ती घरात राहून, ख्रिस्ती बायकांच्या कॉलेजात शिकून पाळलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तिच्यावर माया केली. लुगडं, शाकाहार, कुंकू, सगळं तिनं टिकवलं. १८८५ च्या ऑक्टोबरातला एक फोटो प्रसिद्ध आहे: लुगड्यातल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पोशाखातली सीरियाची सबात इस्लांबुली. तिघी तीन धर्मांच्या मुलखांतल्या, आणि तिघींची भाषा एकच, वैद्यकाची.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. सिस्टरांना ते पसंत नव्हतं. एक धर्म बदललेली, एक न बदललेली. दोघीही एका मंडपात. आनंदीबाई वर्षाच्या आत पुण्यात वारल्या. त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटर बाईंनी पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवला. आणि रमाबाईंनी मुंबईला शारदा सदन उघडलं ते १८८९ साली, तारीख तीच, ११ मार्च.

हे सगळं मी आज का सांगतो आहे? कारण आता यवतमाळची पोरं निघाली आहेत. राजू केंद्रे यांनी इथं सुरू केलेल्या एकलव्य या संस्थेनं शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, भटक्यांच्या घरांतल्या मुलांना परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरायला शिकवलं. ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. आमच्या घरीही अर्जातला मजकूर तपासून घ्यायला मुलं येतात. त्यातल्याच एकाचा इंग्लंडहून फोन आला. पांढरकवड्याकडचा, बौद्ध घरातला, एकटा पडलेला.

"सर, इथल्या चर्चमध्ये रविवारी परदेशी पोरांना जेवण असते. इंग्रजीच्या गप्पा असतात, थंडीचे कोटबी देतात. जाऊ का? बाबाले समजलं तं काय म्हणतीन?"

इंग्लंडातल्या अनेक चर्चमध्ये असे उपक्रम चालतात, आणि ते चालवणारे बहुतेक लोक मनापासून चालवतात. मी म्हटलं, जा. जेव. जेवल्यावर भांडी घासायला उभा राहा, म्हणजे तू पाहुणा राहणार नाहीस. कुणी प्रार्थनेला बोलावलं आणि मन होत नसेल, तर स्पष्ट सांग की मी बुद्धाचा माणूस आहे, शांत बसून राहीन. आणि बाबांना आजच फोन करून सांग.

त्यानं दुसऱ्या रविवारी पुन्हा फोन केला. तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्याला बाबासाहेबांबद्दल विचारलं होतं आणि तो तासभर बोलला होता. "सर, इंग्रजी अटकलीच नाही," म्हणाला.

रमाबाईंनी धर्म घेतला आणि अक्कल गहाण ठेवली नाही. आनंदीबाईंनी धर्म ठेवला आणि माया नाकारली नाही. दोन्ही वाटा मला सारख्याच सरळ वाटतात. वाकड्या वाटा दोनच: जेवणाच्या ओझ्याखाली खोटं बोलणं, किंवा भीतीपोटी दारच बंद करून घेणं. दुसऱ्या वाटेचा शेवट आनंदीबाई भगत यांच्या बाबतीत आपण पाहिला.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शन शिबिरात व्हिसा आणि बँकेच्या कागदांबरोबर रमाबाईंच्या पत्रांवरही एक तास ठेवा. आणि यवतमाळकरांना दुसरी. सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्या वर्षी इथं विशीत असलेली नागा, मिझो, मल्याळी मुलं आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांना घर भाड्यानं देणारे, दुकानात उधारी देणारे, मराठी शिकवणारे, त्यांच्याबरोबर रविवारी बाकावर बसणारे अनेक लोक अजून आपल्यात आहेत. आपण यजमान असताना कसे वागलो, हे या लोकांकडूनच कळेल. त्यांना गाठा आणि लिहून घ्या, याच वर्षी.